नऊ तासांची वाट

मिरजेहून दुपारी निघालेली राणी चेन्नम्मा एक्सप्रेस बेळगावात शिरेपर्यंत दिवस कलतो. धारवाड-हुबळीच्या आसपास डब्यात जेवणाचे डबे उघडतात आणि मग खिडकीबाहेर नुसता काळोख राहतो. मी या काळोखासाठीच जागी राहते. हुबळी सुटली की कुंदगोळ येतं. रामभाऊ कुंदगोळकर इथले. कानडी मुलखातला हा गवई मराठी संगीत नाटकांत उतरला आणि सवाई गंधर्व झाला. मध्यरात्रीच्या सुमारास दावणगेरे येतं. त्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी हमरस्त्यावर आनगोडू नावाचं गाव आहे. ३० सप्टेंबर १९९० रोजी तिथं झालेल्या अपघातात कानडी सिनेमा-नाटकांतला शंकर नाग गेला, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. त्याच्या नावाचं नाट्यगृह, रंगशंकरा, बेंगळुरूच्या जे. पी. नगरात उभं आहे, आणि मी तिकडेच निघाले होते.

सांगलीच्या माणसानं हा रस्ता नाटकाचा रस्ता म्हणून ओळखायला हवा. १८४२ साली उत्तर कानड्यातल्या होन्नावरजवळच्या कर्कीहून भागवतांची एक मंडळी खेळ करत सांगलीत आली. चिंतामणराव पटवर्धनांनी ते खेळ पाहिले आणि पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. पुढच्या वर्षी 'सीतास्वयंवर' झालं. दर ५ नोव्हेंबरला आम्ही सांगलीत रंगभूमी दिन साजरा करतो, भाव्यांच्या नावाचं पदक देतो. कर्कीचं नाव मात्र भाषणात एखाद्या वाक्यापुरतं येतं. ते खेळ रात्र रात्र चालायचे. गणपती, सरस्वती, विदूषक, मग आख्यान, आणि उजाडताना मंगल. म्हणजे आपलं नाटक जन्मलं तेच लांबलचक. आणि शंकर नाग याच होन्नावर तालुक्यातल्या मल्लापूरचा!

ताई, म्हणजे माझी मावसबहीण, जे. पी. नगरच्या सहाव्या फेजमध्ये राहते. तिनं फोनवर सांगितलं होतं, "संक्रांतीच्या आधी ये. अप्पांना बोलायला माणूस हवंय. त्यांनी वाड्याचा ध्यास घेतलाय." अप्पा तिचे सासरे. मूळ बेळगावचे, ऐन उमेदीत बेंगळुरूच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. वाडा म्हणजे महेश एलकुंचवारांचा. 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तिन्ही नाटकं चंद्रकांत कुलकर्णींनी 'आविष्कार'साठी १९९४ साली सलग उभी केली. सकाळी बसायचं आणि रात्री उठायचं, सुमारे नऊ तासांचा प्रयोग. अप्पांनी उद्यान एक्सप्रेसनं मुंबई गाठून तो पाहिला होता. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं आहे, की हा प्रयोग बेंगळुरूला यावा, आणि आला तर रंगशंकरातच यावा.

जाहीर झालेलं काही नाही, कुणी शब्द दिलेला नाही, तारीख तर दूरच. तरीही वाट पाहणारी माणसं आहेत, आणि ती दर आठवड्याला भेटतात. मला त्यांना भेटायचं होतं.

मॅजेस्टिकहून मेट्रोची हिरवी लाइन धरली की जे. पी. नगरपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. स्टेशन कनकपुरा रस्त्यावर आहे. खाली उतरल्यावर रिक्षावाला पहिला प्रश्न विचारतो, तो फेजचा. जयप्रकाश नारायणांच्या नावाची ही वसाहत पहिल्या फेजपासून नवव्या फेजपर्यंत दक्षिणेला पसरत गेली आणि सारक्कीसारखी जुनी गावं तिच्या पोटात आली. मुख्य रस्त्यावर वाहनांची दाटी. पण आतल्या क्रॉसमध्ये वळलं की झाडांची कमान, दारात रांगोळी, कोपऱ्यावर फिल्टर कॉफी. जानेवारीत भाजीवाल्याच्या गाडीवर अवरेकाईचे ढीग असतात. घरोघरी बायका त्या शेंगा सोलत बसतात आणि दाणे भिजवून सालं काढतात. ताईच्या स्वयंपाकघरात तेच चाललं होतं. हात त्या कामात, तोंडानं नाटकाचं वेळापत्रक.

"साडेसातचं आहे. सहाला निघू," ती म्हणाली. सहाव्या फेजहून दुसऱ्या फेजला जायला दीड तास? पण रंगशंकराची शिस्त ठाऊक असलेला माणूस असाच हिशेब करतो. तिथं साडेसात म्हणजे साडेसात. दार एकदा लागलं की तिकीट हातात असलं तरी बाहेर. पाहुणा कोण, हुद्दा काय, वाटेत गर्दी किती होती, यातलं काही चालत नाही. खुर्च्यांना नंबर नसतात, त्यामुळे आधी येईल तो पुढे बसेल. आत खाणं नाही, फोन नाही. २००४ साली नाट्यगृह सुरू झालं तेव्हा या नियमांवरून लोक चिडत, असं अप्पा सांगतात. आता तेच लोक उशिरा आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसवून आत जातात.

या नाट्यगृहामागे शंकरच्या पत्नी अरुंधती नाग यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं घातली, आणि मराठी वाचकाला हे नीट माहीत असायला हवं. अरुंधती राव मुंबईत वाढल्या, मराठी, गुजराती, हिंदी रंगभूमीवर काम करत होत्या. शंकर मुंबईत शिकायला आला, बँकेत नोकरी करत मराठी नाटकांत रमला. दोघांची ओळख नाटकातूनच झाली. पुढे कानडी सिनेमा त्याला बेंगळुरूला घेऊन गेला. तिथं त्यांनी 'संकेत' नावाची नाट्यसंस्था काढली. गिरीश कार्नाडांच्या 'अंजुमल्लिगे'नं तिची सुरुवात झाली आणि पाठोपाठ कानडीत आली ती जयवंत दळवींची नाटकं, 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया'. सिनेमात शंकरनं एवढं नाव कमावलं की आजही बेंगळुरूच्या रिक्षांवर त्याचा फोटो दिसतो ('ऑटो राजा'तला त्याचा रिक्षावाला हे शहर विसरलेलं नाही), पण नाटकाला स्वतःचं घर असावं, हे त्याचं स्वप्न राहून गेलं. अपघातातून वाचलेल्या अरुंधतीबाईंनी ते हाती घेतलं. संकेत ट्रस्ट, सरकारनं दिलेली जागा, गावोगाव मागितलेल्या देणग्या, असं करत दहा-बारा वर्षांनी इमारत उभी राहिली. भाडं मुद्दाम कमी ठेवलं आणि दिवसाला एक नाटक हा संकल्प केला.

रांगेत उभं राहिलं की या संकल्पाचा अर्थ कळतो. माझ्या पुढे कॉलेजची मुलं होती, मागे कांजीवरम नेसलेल्या दोन आज्ज्या. नाटक कानडी होतं, दीड तासाचं. खालच्या कॅफेत अक्की रोट्टीच्या तव्यापाशी गर्दी होती, शेजारी पुस्तकांचं छोटं दुकान. अप्पांची मंडळी तिथंच भेटली. कारवारकडच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई. नागपूरचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर. आणि नाटक शिकणारी एक कानडी मुलगी, जिला मराठी समजतं पण बोलता येत नाही. नागपूरकरानं 'वाडा' आणि 'मग्न तळ्याकाठी' पाहिली होती, कारण गेल्या दशकात चंद्रकांत कुलकर्णींनीच ती पुन्हा रंगमंचावर आणली. तिन्ही एका दिवसात पाहायचं मात्र त्याच्या वाट्याला आलेलं नाही.

"ज्यांच्या गावात मी वाढलो, त्यांचं नाटक पुरतं पाहायला मिळालं नाही," तो म्हणाला. त्याला हे मनापासून लागलेलं होतं.

अप्पा त्याची समजूत घालत म्हणाले, "येईल की रे. वाट बघायची सवय ठेवावी लागते नाटकवाल्याला."

दीड तासाचं नाटक पाहून बाहेर आलो आणि बोलणं पुन्हा नऊ तासांवर गेलं. ही ओढ बेंगळुरूत काही एकट्या मराठी माणसांची नाही. २०१० साली म्हैसूरच्या रंगायणनं कुवेंपूंची 'मलेगळल्लि मदुमगळु' ही महाकादंबरी रंगमंचावर आणली. के. वाय. नारायणस्वामींची संहिता, सी. बसवलिंगय्यांचं दिग्दर्शन, हंसलेखांचं संगीत. उघड्यावर वेगवेगळे रंगमंच मांडलेले, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेला संपायचं आणि प्रेक्षक सतरंज्या-शाली उचलून एका मंचापासून दुसऱ्याकडे चालत जायचे. म्हैसूरहून परतलेला जो तो त्याच्याबद्दलच बोलत होता, आणि बेंगळुरूकरांना वाट पाहावी लागली ती २०१३पर्यंत. मग मल्लत्तहळ्ळीच्या कलाग्रामात ते आलं. अप्पा आणि ताई दोघंही गेले होते. ताईला अजून आठवतो तो नायिगुत्ती आणि त्याचा कुत्रा हुलिया. सह्याद्रीच्या पावसातल्या त्या माणसांबरोबर आपणही रात्रभर चाललो असं तिला वाटलं, आणि घरी आल्यावर झोप म्हणून आली नाही.

नंतर मार्च २०२१मध्ये रंगायणनंच भैरप्पांचं 'पर्व' आणलं, प्रकाश बेळवाडींच्या दिग्दर्शनात, आठेक तासांचं. 'पर्व' आपल्याकडे उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादातून घराघरात वाचलं गेलं, त्यामुळे म्हैसूरची बातमी आली तेव्हा सांगली-बेळगावातही फोन खणखणले होते. आणि ती वेळ कोणती, तर करोनाची दुसरी लाट तोंडावर आलेली.

लांब नाटकाचं एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणं जगभर असंच अवघड असतं. रॉयल शेक्सपिअर कंपनीनं १९८० साली लंडनमध्ये डिकन्सच्या 'निकोलस निकलबी'चं साडेआठ तासांचं नाटक केलं. पुढच्या वर्षी ते ब्रॉडवेवर गेलं तेव्हा तिकीट होतं शंभर डॉलर. एवढी किंमत तिथं कुणी ऐकलेली नव्हती, ओरड झाली, आणि लोक तरीही गेले. टोनी कुश्नरचं 'एंजल्स इन अमेरिका' दोन भागांचं. पहिला भाग ब्रॉडवेवर मे १९९३मध्ये आला आणि दुसरा नोव्हेंबरमध्ये. गोष्ट अर्ध्यावर सोडून न्यूयॉर्कचे प्रेक्षक सहा महिने थांबले. आणि पीटर ब्रूकचं 'महाभारत'! १९८५ साली फ्रान्समध्ये आव्हिन्यॉजवळच्या दगडाच्या खाणीत नऊ तास चाललेलं, १९८७मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला पोहोचलेलं. ज्या देशाची ती गोष्ट, त्या देशात मात्र ते नाटक कधी झालं नाही. आपल्या पिढीनं त्याचा सिनेमा पाहिला आणि वर्णनं वाचली. ब्रूकची ती मंडळी भारतात आली असती तर मी जमीन विकून तिकीट काढलं असतं, असं अप्पा अजून म्हणतात.

वाट पाहण्याच्या या गोष्टी ऐकताना मला मराठी नाटकाचा व्यवहार आठवत होता. आपल्याकडे नाट्यगृह सत्रावर मिळतं: सकाळ, दुपार, रात्र. नऊ तासांचा प्रयोग म्हणजे तिन्ही सत्रांचं भाडं एकाच निर्मात्याच्या डोक्यावर. कलाकाराची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, एकाच दिवसात एकाहून जास्त. नेपथ्याचा टेम्पो, प्रकाशयोजनेची माणसं, त्यांचं जेवणखाण आणि मुक्काम. मालिकेच्या शूटिंगमधून नटांच्या जुळवायच्या तारखा. मुंबई-पुण्यातच हा मेळ बसणं कठीण, मग राज्याच्या हद्दीबाहेर दौरा कोण काढणार? बेंगळुरूला मराठी नाटकं येतात, महाराष्ट्र मंडळामुळे इथल्या मराठी माणसाला ती पाहायलाही मिळतात. पण तीही बहुतेक हलकीफुलकी, दोन अंकी, रात्रीच्या गाडीनं परतता येईल अशी. निर्मात्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिकिटं खपतील याची खात्री त्याला कुणी द्यायची?

इथं मला रंगशंकराची ताकद दिसते. आसनं तीनशेच्या थोडी वर. ब्रॉडवे म्हणवून घ्यायला पाचशे खुर्च्या लागतात, त्या हिशेबानं हे छोटंच. पण या तीनशे खुर्च्यांसाठी वीस वर्षं कुणीतरी वेळेवर आलेलं आहे, फोन बंद करून बसलेलं आहे, न कळणाऱ्या भाषेतलंही नाटक शेवटपर्यंत पाहिलेलं आहे. नऊ तास बसणारा प्रेक्षक जाहिरातीनं एका आठवड्यात जमवता येत नाही. तो असा दीड-दीड तासांनी घडत जातो. 'वाडा' बेंगळुरूला येऊ शकेल असं मला वाटतं ते इथल्या मराठी लोकसंख्येकडे पाहून नव्हे, तर या रांगेकडे पाहून.

कॅफेत साबुदाणा वडे आले आणि वाद पेटला. नागपूरकराचं म्हणणं होतं, तीन संध्याकाळी तीन नाटकं ठेवा. लोकांना नोकऱ्या आहेत, नटांचे गळे आहेत. कारवारच्या बाईंनाही ते पटलं. गुडघे दुखतात, म्हणाल्या. अप्पा कुणाचं ऐकेनात. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, तात्याजी नुकतेच गेलेले, मुंबईहून सुधीर आणि अंजली आलेले, वहिनी स्वयंपाकघरात राबते आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय. तिथून दहा वर्षं पुढे, मग आणखी दहा. "सकाळी जो पराग पोरगा म्हणून पाहिलास तो रात्री दुष्काळात उभा दिसला पाहिजे," अप्पा म्हणाले. "मधे घरी जाऊन झोपून आलास, की तो दुसरा कुणी होतो. आपण दमायला हवं त्यांच्याबरोबर."

मी अप्पांच्या बाजूची आहे. एलकुंचवारांनी ही नाटकं वेगवेगळ्या वेळी लिहिली आणि विजया मेहतांनी १९८५ साली पहिलं केलं तेव्हा ते एकटंच पुरेसं, भरभक्कम नाटक होतं, हे खरं. प्रत्येक नाटक स्वतंत्र उभं राहतं. पण सलग पाहिल्यावर वाड्याची पडझड पाहणाऱ्याच्या अंगात उतरते. दुपारचं जेवण जेवून आपण परततो आणि त्या घरात दहा वर्षं गेलेली असतात. ते तीन संध्याकाळींत मिळत नाही. दादीचं अंथरूण सकाळी ज्यानं पाहिलं, त्यालाच रात्रीच्या रिकाम्या जागेचं वजन कळतं.

कानडी मुलगी बराच वेळ ऐकत होती. तिनं इंग्रजीत विचारलं की तिच्यासारख्यांचं काय, विदर्भातली बोली तिला नऊ तास कशी कळणार? मग तिनंच उत्तर दिलं: नाटक शिकायला आल्यापासून मणिपुरी पाहिलंय, बंगाली पाहिलंय, आपण मागे पडलो नाही. फक्त आधी संहिता वाचायला हवी. नागपूरकरानं तिला तिन्ही पुस्तकं द्यायचं कबूल केलं. आठवड्यातून एकदा बसून तो वाचून दाखवेल, ती अडेल तिथं थांबवेल. ताईनं लगेच आपलं घर देऊ केलं. नाटक यायचं तेव्हा येवो, वाचन पुढच्या रविवारपासून.

मग हिशेब सुरू झाला. दहाला 'वाडा'. एकला जेवण, आणि ते जवळच हवं, नाहीतर दुसऱ्याला लोक परतणार नाहीत. अडीचला 'मग्न तळ्याकाठी'. संध्याकाळी चहा, पाय मोकळे करायला रागीगुड्ड्याच्या मारुतीपर्यंत चक्कर, आणि 'युगान्त' साडेसातला, या घरच्या वेळेला. कारवारच्या बाई जेवणाची जबाबदारी घ्यायला तयार झाल्या. गुडघ्यांचं पुन्हा काही बोलल्या नाहीत. नागपूरकरानं वहीचं पान फाडून वर लिहिलं, "नऊ तास बसणारे." त्याचं म्हणणं असं, की निर्मात्याकडे जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, तीनशे नावं घेऊन जायचं. कानडी मुलीनं आपल्या वर्गातल्या सगळ्यांची नावं घातली. अप्पांनी म्हैसूरच्या एका मित्राचं घातलं, ज्याच्याकडे ते 'पर्व'साठी उतरले होते. कागद माझ्याकडे आला तेव्हा मी माझं नाव सांगलीच्या पत्त्यासकट लिहिलं, आणि खाली आमच्याकडच्या नाटकवेड्यांची एकामागून एक लिहीत गेले. त्यांना विचारलेलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.